घराची डागडुजी आणि न दिसणारा खर्च

पाठाचा उद्देश : जुन्या घराच्या दुरुस्तीचा अंदाज करितांना अकल्पित खर्चाची तरतूद कां करावी, किती करावी, व ती कशी सांभाळावी हें शिकणें.

पावसाळा उतरून भातशेतें कापणीस आलीं म्हणजे किहीम, थळ, चोंढी, आवास, सासवणें या बाजूच्या गांवांतून घरांच्या डागडुजीचा विचार सुरू होतो. कोणाचें छप्पर गळलेलें असतें, कोणाच्या पडवीचा खांब वाळवीनें पोखरलेला असतो, कोणाच्या भिंतीस लोणा लागून गिलावा सुटलेला असतो. घरधनी गवंड्यास बोलावितो. गवंडी अंगणांत उभा राहून वरखालीं पाहतो व एक आंकडा सांगतो. तेवढी रक्कम कोठून तरी उभी केली जाते आणि कामास हात घातला जातो. पंधरा दिवस लोटतात न लोटतात तोंच तो आंकडा मागें पडतो. मग घर अर्धें उघडें, गांठ रिकामी आणि कारागीर दारांत उभे, अशी स्थिति होते. घाईनें काढलेलें कर्ज अशाच वेळीं काढलें जातें, आणि बायकोच्या अंगावरचें सोनें अशाच वेळीं गहाण पडतें. या प्रसंगाला पुष्कळ लोक दैव म्हणतात. परंतु त्यांतला मोठा भाग दैवाचा नसून हिशेबाचा असतो, हें प्रस्तुत पाठांत पाहावयाचें आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. तो आधीं बसून खर्चाचा अदमास करितो; नाहीं तर पाया घालून काम अर्धवट राहील व लोक हंसतील. त्या दाखल्याचा आध्यात्मिक अर्थ मोठा आहे. पण त्याचा साधा अर्थही सोडून देण्याजोगा नाहीं. तो बुरूज नवा होता. आपलें घर जुनें आहे, आणि जुन्या घराचा अदमास नव्याहून कठीण असतो. कारण त्याचा अर्धा भाग गिलाव्याच्या मागें व कौलांच्या खालीं झांकलेला असतो.

१. अंदाज कमीच कां पडतो?

अंदाज चुकावयाचा तर तो कधीं जास्त, कधीं कमी असा चुकावा. प्रत्यक्षांत तो बहुधा कमीच पडतो. हा दोष केवळ खेड्यांतील किंवा अशिक्षित मनुष्याचा नाहीं. अमेरिकेंत २००२ सालीं स्वयंपाकघराची सुधारणा करून घेणाऱ्या घरमालकांची पाहणी झाली. त्यांनीं सरासरी १८,६५८ डॉलर खर्च धरला होता. प्रत्यक्षांत सरासरी ३८,७६९ डॉलर लागले, म्हणजे दुपटीहून अधिक. ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहराच्या प्रसिद्ध संगीतगृहाचा अंदाज १९५७ सालीं ७० लाख डॉलरांचा होता. १९७३ सालीं तें उघडलें तेव्हां खर्च १० कोटी २० लाखांवर गेला होता. तेथें नामांकित स्थापत्यकार होते, सरकार पाठीशीं होतें, तरीही अंदाज टिकला नाहीं.

मनोव्यापाराचे अभ्यासक डॅनियल काह्नेमन व अ‍ॅमोस ट्व्हर्स्की यांनीं १९७९ सालीं या प्रवृत्तीचें विवेचन केलें. त्याचें सार असें कीं, मनुष्य अंदाज करितांना आपल्याच कामाकडे आंतून पाहतो. सुतार वेळेवर येईल, लांकूड चांगलें निघेल, पाऊस थांबून राहील, असें सर्व कांहीं सुरळीत घडल्याचें चित्र तो मनांत उभें करितो व त्या चित्राची किंमत मांडतो. यांतील प्रत्येक गोष्ट घडण्याजोगी असते; पण सर्व एकदम क्वचितच घडतात.

यावर उपाय सोपा आहे. आपल्यासारख्याच घराचें काम गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनीं पुरें केलें अशा तीन-चार कुटुंबांकडे जावें आणि दोनच प्रश्न विचारावे : “आरंभीं किती सांगितले होते? शेवटीं किती लागले?” शेजाऱ्याचा पुरा झालेला हिशेब हा आपल्या न झालेल्या कामाचा सर्वांत प्रामाणिक साक्षी होय.

२. खर्च कोठें दडून बसतो?

छप्पर. आमच्या बाजूच्या जुन्या घरांवर बहुधा मंगलोरी कौलें आहेत. या कौलांचा कारखाना बासेल मिशनानें १८६५ सालीं मंगळूर येथें काढला, आणि पुढें हीं कौलें पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलीं. कौल स्वतः पुष्कळ वर्षें टिकतें. त्याखालचें लांकूड टिकत नाहीं. शाकारणीसाठीं कौलें उतरलीं म्हणजे रिपा कुजलेल्या दिसतात, आणि वळचणीशीं, जेथें वाशाचें टोंक भिंतीवर टेकतें व पावसाळाभर ओल धरून राहतें, तेथें वासा हातानें दाबला तरी भुगा होतो. खालून पाहतां तोच वासा धडधाकट दिसत असतो, कारण वाळवी बाहेरचा पापुद्रा ठेवून आंतून खाते. आणखी एक गोष्ट : निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खांचा एकमेकींत नीट बसतीलच असें नाहीं. शंभर फुटक्या कौलांच्या जागीं शंभर नवीं आणलीं आणि तीं जुन्यांशीं जुळलीं नाहींत, तर एक पाखें पुरतें बदलावें लागतें. म्हणून आधीं नमुन्याचीं दोन-चार कौलें आणून बसवून पाहावीं. एका पाख्यावरचीं जुनीं चांगलीं कौलें दुसऱ्या पाख्यास वापरतां येतात, हेंही ध्यानांत असावें.

भिंत. लोणा हा भिंतीवरचा डाग नव्हे. तो भिंतीच्या आंतील क्षार व ओल यांचा निरोप आहे. जमिनींतून ओल वर चढते, आपल्याबरोबर क्षार आणते, पाणी वाळून जातें व क्षार पृष्ठभागाशीं फुगून गिलावा ढकलतात. अशा भिंतीवर नुसता नवा सिमेंटचा गिलावा चढविला तर दोन पावसाळ्यांत तो पुन्हां सुटूं लागतो. चुन्यामातींतल्या जुन्या भिंतीस सिमेंट विशेष मानवत नाहीं, कारण तें ओलीला बाहेर पडूं देत नाहीं. चुना पडूं देतो. तेव्हां गिलाव्याच्या अंदाजांत ओल थांबविण्याचा खर्च, म्हणजे जोत्याभोंवतीं पाण्याचा निचरा, वळचणीची पन्हळ व लोणा लागलेल्या विटा काढून नव्या बसविणें, हा मुळांतच धरावा. तो धरला नाहीं तर तोच पुढें अकल्पित खर्च होऊन येतो.

लोखंड. ज्यांनीं तीस-चाळीस वर्षांपूर्वीं स्लॅब घातला त्यांच्यापुढें निराळें संकट आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेनें कॉंक्रीटमधील सळ्या गंजतात. गंजलेलें लोखंड मूळच्या कित्येक पट जागा व्यापतें, आणि त्या फुगण्यानें कॉंक्रीट आंतून फुटतें. बांधतेवेळीं समुद्राची वाळू न धुतां वापरली असेल तर हें लौकर घडतें. छताची खपली पडली म्हणून तेवढीच जागा भरून घेणें हें गळूवर चंदन लावण्यासारखें आहे. सळी किती खाल्ली आहे हें भोंवतालचें सैल कॉंक्रीट काढल्यावांचून समजत नाहीं, आणि तें काढल्यावर काम दुप्पट निघूं शकतें. अशा वेळीं गवंड्याच्या मतावर विसंबूं नये. अभियंत्यास एकदां दाखवावें. त्याची फी हा खर्च खरा, पण तो मोठ्या खर्चाचा पहारेकरी आहे.

जमिनीखालचें काम. समुद्रालगतच्या वाळवट जमिनींत शौचकूपासाठीं खड्डा खणतांना पाणी लौकर लागतें, आणि खणतांना कडा ढांसळतात. पाणी उपसण्याचा पंप, कडांना आधार व वाढीव मजुरी हीं अंदाजांत क्वचितच असतात. हें काम वैशाखांत, पाण्याची पातळी खालीं गेलेली असतांना, काढल्यास पुष्कळ स्वस्त पडतें.

घराबाहेरचे खर्च. राडारोडा उचलणें, सामानाची ने-आण, कारागिरांचा चहा-फराळ, कामाच्या दिवसांत कुटुंबानें दुसरीकडे राहणें, सामान झांकण्यासाठीं ताडपत्री, हे एकेकटे लहान असतात व एकत्र मोठे होतात. कराचाही प्रश्न विचारून घ्यावा. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा २८ वरून १८ वर आला. जुन्या दरानें मांडलेला अंदाज कोणी पुढें केला तर तें दाखवून द्यावें, आणि सांगितलेल्या रकमेंत कर धरला आहे किंवा नाहीं हें लिहून घ्यावें. तसेंच समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामास १९९१ सालापासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत; २०११ व २०१९ सालीं ते नव्यानें काढण्यांत आले. असलेल्या घराची दुरुस्ती आणि नवी खोली वाढविणें या दोन गोष्टी त्या नियमांपुढें एक नाहींत. ग्रामपंचायतींत आधीं विचारावें. अर्धें झालेलें काम थांबविण्याची नोटीस आली तर त्याहून महाग अकल्पित खर्च दुसरा नाहीं.

३. आधीं पाहणी, मग अंदाज

नहेम्या यरुशलेमास आला तेव्हां त्यानें कोणाशीं कांहीं न बोलतां रात्रीं कोट स्वतः फिरून पाहिला, आणि मगच कामाची गोष्ट काढली. लेवीय पुस्तकाच्या १४ व्या अध्यायांत घराच्या भिंतीस चट्टा पडला असतां काय करावें याची पायरी-पायरीची रीति आहे : पाहावें, सात दिवस घर बंद ठेवावें, पुन्हां पाहावें, चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून नवे घालावे, आणि तरीही तो परत आला तर घर पाडावें. आपली गोष्ट कुष्ठाची नसून ओलीची आहे, तरी त्या रीतींतील शहाणपण घेण्यासारखें आहे. एका दृष्टिक्षेपावर निर्णय नको, आणि लहान उपायानें भागतें का हें पाहिल्यावांचून मोठा उपायही नको.

यासाठीं अंदाज मागण्यापूर्वीं घरांत चार ठिकाणीं उघडून पाहावें. प्रत्येक पाख्यावरचीं वळचणीजवळचीं दहा-बारा कौलें उतरावीं. प्रत्येक वाशास पेचकसाचें टोंक टोंचून पाहावें. तें सहज शिरलें तर वासा गेला असें समजावें. लोणा लागलेल्या भिंतीचा एक हात गिलावा काढावा. लादी पोकळ वाजत असेल तेथील एक उचलावी. यास एका दिवसाची मजुरी लागते. जितकें अधिक आधीं दिसेल तितकी कमी रक्कम न दिसणाऱ्यासाठीं बाजूस ठेवावी लागेल. म्हणून ही मजुरी वायां जात नाहीं.

४. राखीव रक्कम किती असावी?

सरकारी बांधकामाच्या अंदाजपत्रकांत किरकोळ व आकस्मिक खर्च म्हणून शेंकडा ३ ते ५ रुपये धरण्याची जुनी वहिवाट आहे. पण तेथें काम बहुतेक नवें, नकाशा पुरा व परिमाणें मोजलेलीं असतात. जुन्या घरास तेवढी रक्कम अपुरी आहे. सबंध घरास एकच प्रमाण लावण्यापेक्षां जें काम जितकें झांकलेलें, त्यास तितका मोठा हिस्सा, हा नियम अधिक उपयोगी पडतो. एक उदाहरण घेऊं. समजा, एका कुटुंबाचा अंदाज पुढीलप्रमाणें झाला :

छप्पर १,२०,००० रुपये. राखीव चौथा हिस्सा, ३०,०००.
गिलावा ६०,००० रुपये. राखीव पांचवा हिस्सा, १२,०००.
लादी ४०,००० रुपये. राखीव दहावा हिस्सा, ४,०००.
विजेच्या तारा ३०,००० रुपये. राखीव पांचवा हिस्सा, ६,०००.
मोरी, संडास व नाली ५०,००० रुपये. राखीव पांचवा हिस्सा, १०,०००.

कामाची बेरीज ३,००,००० व राखीव ६२,००० झाली. म्हणजे या घराचा खरा अंदाज तीन लाखांचा नसून ३,६२,००० रुपयांचा आहे.

आतां कुटुंबाजवळ तीनच लाख आहेत असें धरूं. येथेंच खरी परीक्षा होते. मोह असा कीं राखीव रक्कम खोडावी आणि पांचही कामें सुरू करावीं. शहाणपण याच्या उलट आहे : राखीव रक्कम ठेवावी आणि काम खोडावें. लादी पुढच्या वर्षावर टाकली तर तिचे ४०,००० व तिचे राखीव ४,००० वांचतात. आंतल्या भिंतींचा गिलावा थांबवून पावसाच्या माऱ्याच्या भिंतींपुरताच केला व तो ४५,००० रुपयांत झाला, तर १५,००० आणि त्याच्या राखीवांतील ३,००० वांचतात. एकूण ६२,००० वांचले, आणि अंदाज बरोबर तीन लाखांवर आला. या कुटुंबाची जमीन आणखी एक वर्ष खडबडीत राहील. पण छप्पर पुरें होईल व कर्ज होणार नाहीं.

५. राखीव रकमेचे नियम

पहिला : ही रक्कम निराळी असावी. ती पोस्टांत किंवा बॅंकेंत निराळ्या खात्यावर असणें उत्तम. घरांतल्या डब्यांत असेल तर तिला पाय फुटतात.

दुसरा : ती दुरुस्तीच्या गरजेसाठीं आहे, आवडीसाठीं नाहीं. कुजलेला वासा निघाला तर ती काढावी. काम चाललेंच आहे तर पडवीसही गुळगुळीत फरशी घालूं, असें मनांत आल्यास ती काढूं नये. वाढविलेलें काम अकल्पित खर्च नव्हे. तो कल्पिलेलाच खर्च आहे, फक्त उशिरां कबूल केलेला.

तिसरा : तोंडी वाढ मान्य करूं नये. कारागीर म्हणाला कीं आणखी सहा वासे लागतील, तर ते कोणते हें स्वतः पाहावें, दर विचारावा, वहींत तारीख घालून लिहावें, व दोघांनीं सही करावी. यांत अविश्वास नाहीं. दोघांचाही संबंध शेवटपर्यंत गोड राहावा म्हणून ही काळजी आहे. मजुरी कामाच्या टप्प्यांप्रमाणें द्यावी आणि शेवटचा कांहीं भाग एक जोराचा पाऊस पडून जाईपर्यंत ठेवण्याचें आधींच ठरवावें. त्याबरोबरच गरीब कारागिराचा झालेल्या कामाचा दाम एक दिवसही अडवूं नये.

चौथा : उरलेली रक्कम उरूं द्यावी. खारी हवा दरवर्षीं आपलें काम करीतच असते; पुढच्या शाकारणीचा आरंभ त्या शिलकींतून व्हावा.

६. क्रम आणि ऋतु

दिनांक ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें. वाऱ्याचा वेग ताशीं १०० ते ११० किलोमीटर व झोत १२० पर्यंत होता. नारळी, पोफळी व सुरूचीं झाडें उन्मळलीं, छपरें उडालीं. रोगाच्या सांथीमुळें व्यवहार आधींच बंद, आणि त्यावर पावसाळा थोड्याच दिवसांत सुरू झाला. हजारों घरांना एकाच आठवड्यांत कौलें, पत्रे व सुतार हवे होते. राज्य सरकारनें पूर्ण पडलेल्या घरास दीड लाख रुपये देण्याचें ठरविलें. अंशतः पडझड झालेल्या घराची मदत त्याहून पुष्कळ कमी होती. पुढच्याच वर्षीं, मे २०२१ मध्यें, तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गुजरातेकडे गेलें. यावरून दोन गोष्टी शिकाव्या. एक, सर्वांना एकदम गरज पडते तेव्हां भाव व मजुरी आपल्या हातीं राहत नाहीं. म्हणून शंभर-दोनशें कौलें, कांहीं रिपा व एक मजबूत ताडपत्री घरांत असणें ही राखीव रक्कमच होय. सिमेंट मात्र सांठवूं नये. दमट हवेंत त्याचा जोर कमी होतो, व तीन महिन्यांहून जुनें सिमेंट तपासल्यावांचून वापरूं नये. दोन, छपराचें काम दिवाळीनंतर काढावें व वैशाखाची वाट पाहूं नये. उशीर हाही एक खर्च आहे, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकांत लिहिलेला नसतो.

क्रमाविषयीं किहीमच्याच एका गुरूकडून धडा घेतां येईल. सन १९३० मध्यें पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनीं किहीम येथें सुगरण पक्ष्यांचें दीर्घ निरीक्षण केलें व पुढील वर्षीं तें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. त्यांत असें आढळलें कीं, नर पक्षी घरटें एकदम पुरें करीत नाहीं. तो तें अर्धें विणून थांबतो. मादी येऊन तें पारखते. तिला पसंत पडलें तरच तो पुढची पोकळी व नळी विणतो, नाहीं तर तेवढ्यावरच सोडून दुसरें आरंभितो. जेथें सोडलें तरी नुकसान थोडें होईल अशा टप्प्यावर थांबून पारख करून घेणें, हें त्या लहान जीवास कळतें. आपणही काम असेंच टप्प्यांनीं बांधावें. एक पाखें उघडावें, तें पुरें झांकावें, हिशेब पाहावा, मग दुसरें उघडावें. दोन्ही पाखीं एकदम उघडणाऱ्याला थांबण्याची मुभाच राहत नाहीं.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या वाडींत गेल्या तीन वर्षांत झालेल्या एका दुरुस्तीचा आरंभीचा व शेवटचा आंकडा मिळवा. फरक कोणत्या कामांत पडला?

२. आपल्या घराच्या कोणत्या भागाविषयीं आपण पाहिल्यावांचून “तो चांगला आहे” असें धरून चाललों आहों?

३. जवळची रक्कम व खरा अंदाज यांत तूट असेल तर कोणतें काम पुढें ढकलतां येईल? कोणतें कधींही ढकलूं नये?

४. घरांतील स्त्रियांस हिशेबाच्या बैठकींत बसविलें आहे काय? गळतें कोठें, ओल केव्हां चढते, हें त्यांनाच अधिक ठाऊक असतें.

५. वाडींतील कुटुंबांनीं मिळून कौलें, रिपा व ताडपत्र्या यांचा सामाईक सांठा ठेवावयाचा झाल्यास तो कोणाच्या स्वाधीन असावा, व त्याचा हिशेब वर्षांतून केव्हां वाचला जावा?

पुढच्या बैठकीस प्रत्येक कुटुंबानें एका कागदावर दोन रकाने मांडून आणावे : डावीकडे कामाची रक्कम, उजवीकडे त्याच कामाची राखीव रक्कम. उजवा रकाना कोरा ठेवून कोणीही गवंड्यास विसार देऊं नये.